पांढऱ्या पेशी जंतू कसे मारतात : सुरुवात इथून कर

फॅगोसायटोसिस, म्हणजे पेशीने जंतू गिळून पचवणं, पहिल्यांदा वाचतोयस ना? रिसेप्टरांची (जंतू ओळखणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनांची) लांबलचक नावं सध्या राहू दे. एकाच न्यूट्रोफिलच्या, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या, मागे लाग.

जखमेत जिवाणू शिरले की तिथून रासायनिक संकेत सुटतात. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडते आणि त्या मागावर सरकते. जिवाणूवर प्रतिपिंडं (शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं) चिकटलेली असली की पकड पटकन बसते. मग पेशीपटल दोन्हीकडून पुढे येतं, त्याला कवेत घेतं आणि मिटतं. आत जी पिशवी बनते ती फॅगोसोम.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- पटलाला भोक पाडून जिवाणू आत गेलेला दाखवतात. भोक पडत नाही, पटलच त्याच्याभोवती गुंडाळलं जातं.
- सगळ्याच पांढऱ्या पेशी गिळतात असं धरतात. हे काम मुख्यतः न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज (ऊतींमधल्या मोठ्या भक्षक पेशी) यांचं.
- गिळला म्हणजे मेला, असं समजतात. ही चूक सर्वांत महागात पडते. फॅगोसोमला लायसोसोम (पेशीतली पाचक पिशवी) जुळल्यावर विकरं (एन्झाइम) आणि आम्ल कामाला लागतात, शिवाय ऑक्सिजनपासून बनलेली विषारी रसायनंही मारा करतात. क्षयाचा जिवाणू नेमकी ही जुळणीच अडवतो आणि मॅक्रोफेजच्या पोटात तग धरून राहतो. हे एक उदाहरण नीट कळलं तर अर्धा धडा कळला.

वेळ मिळाला तर जीवशास्त्रज्ञ मेच्निकॉफचा १८८२चा इटलीतल्या मेसिनातला प्रयोग जरूर वाच. तारामाशाच्या पारदर्शक अळीत टोचलेल्या काट्याभोवती पेशी जमताना त्याने पाहिल्या.

आज फक्त चार चित्रं काढ: चिकटणं, वेढणं, जुळणं, पचवणं. न्यूट्रोफिलचं केंद्रक मात्र खंडाखंडांचंच दाखव.