‘फार्गो’मध्ये हसण्यासारखं नेमकं काय आहे?

तुमची तक्रार अशी, की ‘ब्लॅक कॉमेडी’ (म्हणजे मरण-हिंसेतून हसवणारा प्रकार) म्हणून कोएन बंधूंचा ‘फार्गो’ हा सिनेमा लावला, ९८ मिनिटांत सात माणसं मेली, शेवटी एकाला लाकडाचा भुसा करणाऱ्या यंत्रात कोंबलं आणि हसू काही आलं नाही. पहिल्या खेपेला माझंही हेच झालं होतं. दुसऱ्यांदा पाहिला तोवर मी एका गाड्यांच्या शोरूममध्ये अकाउंट्सला लागलो होतो. तेव्हा मात्र पाणी पिताना ठसका लागला. (तुम्ही पाहिलाय म्हणून शेवटासकट लिहितोय. बाकीच्यांनी इथूनच परत फिरा.)

तो कोटिंगचा प्रसंग आठवतोय? जेरी हा मिनीॲपोलिसमध्ये सासऱ्याच्याच शोरूममध्ये सेल्स मॅनेजर. गिऱ्हाईक तापलेलं, कारण गाडीला गंजू नये म्हणून लावतात ते कोटिंग नको म्हणून बजावलं होतं, तरी बिलात लावलंय. जेरी म्हणतो, साहेबांशी बोलून येतो. आत जाऊन सहकाऱ्याकडे मॅचची तिकिटं आहेत का विचारतो. मग बाहेर येऊन तोंड पाडून सांगतो, असं आम्ही कधी करत नाही, पण तुमच्यासाठी कोटिंगवर शंभर डॉलर कमी. अहो, आमच्याकडे ‘साहेबांशी बोलून येतो’ म्हणजे पॅन्ट्रीत अर्धा कटिंग! मी स्वतः तिथे उभा असतो.

आता मुद्द्यावर येतो. या सिनेमात सगळे सतत हिशेब करत असतात आणि एकाचाही हिशेब जुळत नाही. मला हसू येतं ते यामुळेच. जेरीने अस्तित्वातच नसलेल्या गाड्या दाखवून ३ लाख २० हजार डॉलर उचललेत. फायनान्स कंपनीचा माणूस फोनवर शांतपणे विचारतोय, फॉर्मवरचे सिरीयल नंबर वाचता येत नाहीत, परत पाठवा. जेरी ‘हो हो, पाठवतो’ म्हणतो. आमच्या यार्डात असे नंबर मोजायला माणूस येतो ना, त्या दिवशी मॅनेजरचा चेहरा अगदी जेरीसारखा असतो. (आमच्या गाड्या खऱ्या आहेत. मोजून घ्या.)

हे भोक बुजवायला जेरी स्वतःच्या बायकोचं अपहरण करवतो. गुंडांना सांगतो, खंडणी ८० हजार, निम्मे तुमचे, वर एक नवी गाडी. सासऱ्याला सांगतो, त्यांनी १० लाख मागितलेत. म्हणजे भाडोत्री गुन्हेगारांनाही त्याने कोटिंग लावलंच. आणि पहिल्याच भेटीत हा एक तास उशिरा पोचतो. साडेसात ठरले होते की साडेआठ, यावरून वाद. कट तिथेच फसलेला असतो.

अपहरणाचा सीन पुन्हा बघा. बायको बाथरूममध्ये कोंडून घेते. दार फोडून गुंड आत येतात तर खिडकी उघडी, बाई गायब. एकजण तिला शोधायला खाली धावतो. दुसऱ्याच्या हाताला ती चावलेली असते, म्हणून तो औषधांच्या कपाटात मलम शोधत बसतो. मलम! मग कपाटाच्या आरशात बघता बघता त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, की ती मागे शॉवरच्या पडद्याआड आहे. ती पडद्यासकट सुसाट सुटते आणि जिन्यावरून गडगडते. इथे हसू फुटतं, आणि पुढच्याच क्षणी आपलीच लाज वाटते. ही लाज कोएन बंधूंनी मुद्दाम आणलीय.

पुढचे पहिले तीन खून कशामुळे होतात? गाडीवर टेम्पररी नंबर लावलेला नसतो, म्हणून हवालदार थांबवतो. एवढी एक पाटी लागली असती तर सिनेमा तिथेच संपला असता. तपासात पोलीस प्रमुख मार्जचा सहकारी ‘डीएलआर’ ही अक्षरं गाडीच्या नंबराचीच समजून शोधत बसतो. ती डीलरची खूण, हे मार्ज त्याला सांगते, तेही त्याचा अपमान न करता. सात महिन्यांची गरोदर पोलीस प्रमुख, प्रेतं बघताना ओकारी येते, आणि लगेच म्हणते, आता भूक लागली.

आता माझा सगळ्यात लाडका हिशेब. कार्ल, म्हणजे त्या दोन गुंडांपैकी एक, विमानतळाच्या पार्किंगमध्ये ४ डॉलरवरून भांडतो. पुढे खंडणी घेऊन आलेल्या जेरीच्या सासऱ्याची गोळी जबड्याला लागते, तोंड फाटलेलं, आणि बॅग उघडतो तर १० लाख! तो ८० हजार काढून घेतो आणि उरलेले बर्फात पुरतो. खूण म्हणून काय, तर काचेवरचा बर्फ खरवडायचं लाल प्लास्टिक. डावीकडे बघतो, कुंपण. उजवीकडे बघतो, तेच कुंपण, क्षितिजापर्यंत. नऊ लाखांवर पैसे पुरून हा माणूस परत जातो, जोडीदाराला ४० हजार देतो, आणि गाडीचे निम्मे पैसे मात्र द्यायचे नाहीत म्हणून अडून बसतो. मग कुऱ्हाड. पुढचं यंत्र तुम्ही पाहिलंच.

सुरुवातीला ‘ही १९८७ सालची सत्यकथा आहे’ अशी पाटी येते, तीही थाप. शेवटच्या श्रेयनामावलीत पात्रं काल्पनिक असल्याचं लिहिलंय. म्हणजे प्रेक्षकालाही कोटिंग. ऑस्करवाल्यांनी पटकथेला आणि मार्ज झालेल्या फ्रान्सिस मॅकडोरमंडला पुरस्कार दिला, तो योग्यच.

पुन्हा बघायचा धीर नसेल तर निदान शेवटची दोन मिनिटं बघा. मार्ज आणि तिचा नवरा पलंगावर पडलेत. त्याने काढलेलं बदकाचं चित्र टपाल तिकिटासाठी निवडलं गेलंय, पण ३ सेंटच्या. २९ सेंटचं तिकीट दुसऱ्या चित्रकाराला मिळालं. तो हिरमुसलाय, तीन सेंटचं तिकीट कोण वापरतं म्हणून. ती म्हणते, अरे, टपाल महागलं की जुनी तिकिटं उरलेल्यांना छोटंच लागतं.

अख्ख्या सिनेमात जुळलेला एवढा एकच हिशेब.