आंघोळीला दिसलेली खपली

‘माझा ७ वर्षांचा मुलगा जरा खरचटलं तरी घर डोक्यावर घेतो. मी लगेच डॉक्टरांकडे नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणते आणि आठवडाभर खाली खेळायला सोडत नाही. मिस्टर म्हणतात, पडू दे, त्याशिवाय घट्ट होणार नाही. शाळेत पडला तर मात्र सांगत नाही, आंघोळीला खपली दिसते तेव्हा कळतं. त्याला खंबीर कसं करू?’

ताई, एवढ्या लांबलचक पत्रात ती खपली तुम्ही एका ओळीत उरकलीत. मी तिथेच अडकले.

शाळेत हाच मुलगा पडतो, उठतो, धूळ झटकतो आणि रांगेत जाऊन उभा राहतो. खंबीर म्हणजे आणखी काय हवंय? तो लपवायला शिकलाय, आणि ते तुम्ही शिकवलंत. सांगितलं की सुई, वर आठवडाभर खेळ बंद. या भावात मीसुद्धा गप्प बसले असते. (मिस्टरांनाही शाबासकी नाही. खपली त्यांना कुठे दिसली होती?)

उद्या गल्लीतल्या कुत्र्याच्या पिल्लाचा दात लागला, तर तेही तो असंच लपवेल. गुडघा आपोआप भरून येतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की डॉक्टरांच्या हातात जवळजवळ काही उरत नाही. जखम साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी लागते, आणि त्यासाठी पोराने तोंड उघडायला हवं.

लसीकरणाचं कार्ड शोधा. दीड वर्षाच्या सुमाराचा आणि पाच-सहा वर्षांचा, असे धनुर्वाताच्या लसीचे दोन्ही बूस्टर झाले असतील तर वरवरच्या खरचटण्याला पाणी आणि साबण पुरतो. पुढचा डोस १०व्या वर्षी. दर वेळी टोचून देणारे तुमचे डॉक्टरही धन्यच!

आज संध्याकाळी त्याला विचारा, ‘ही खपली कशी रे झाली?’ आणि शेवटपर्यंत ऐका. मधे ‘तरी मी सांगत होते’ नको, ‘कुणी ढकललं?’ नको, बाईंना फोन तर मुळीच नको. ऐकून झालं की लगेच त्याला खाली खेळायला पाठवा.

दाराशी थबकून तो वळून बघेल, खरंच जाऊ का म्हणून. तेव्हा एवढंच म्हणा, ‘चप्पल नको, बूट घाल.’