गुणपत्रिका कपाटात, किल्ली बाबांच्या खिशात

प्रश्न : मी लातूरला राहते. वय सतरा वर्षं आठ महिने. नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून बाबा रिपीटर बॅचला घालतायत. मला चित्रकला शिकायचीय, इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. बाबांनी गुणपत्रिका कुलपात ठेवल्यात. ऐकलं नाही तर घरातून आणि जमिनीतून बाहेर, म्हणतात. पुण्याला मैत्रिणीकडे निघून जाऊ का?

उत्तर : नको. निदान हे चार महिने तरी नको. तू अजून अज्ञान आहेस, म्हणजे कायद्याच्या भाषेत. आज गेलीस तर बाबा पोलिसांत जातील आणि अपहरणाचा गुन्हा नोंदला जाईल तो मैत्रिणीच्या घरच्यांवर. तू आपल्या मर्जीने गेलीस हे पुढे सिद्ध होईलही, पण तोवर त्यांच्या चकरा सुरू. अठराव्या वाढदिवशी, त्या दिवसाच्या सुरुवातीलाच, तू सज्ञान होतेस. मग कुठे राहायचं आणि काय शिकायचं हे तूच ठरवायचं.

जमिनीचं म्हणशील तर ती धमकी अर्धीच खरी. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत तुझा हक्क भावाइतकाच, जन्मापासून. तो बाबांच्या रागाने जात नाही. त्यांनी स्वतः कमावून घेतलेलं मात्र ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात.

खरी अडचण फीची आहे. 1956 च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात अविवाहित मुलीचा, तिची स्वतःची कमाई नसेल तर, सज्ञान झाल्यावरही वडिलांकडून पोटगीचा हक्क आहे, आणि पोटगीत निवारा व शिक्षण दोन्ही येतात. (मुलाचा हा हक्क अठराला संपतो. मुलींच्या बाजूने झुकलेले कायदे थोडेच, त्यातला हा एक.) सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हा हक्क मान्य केलाय. पण अमुकच कॉलेजची फी भरा असा आदेश मिळेलच, ही खात्री मी देणार नाही. शिवाय बापाविरुद्ध दावा लावून त्याच घरात जेवायला बसणं सोपं नसतं. आधी मामा किंवा आत्या, कोणाचा शब्द घरात चालतो ते बघ. शैक्षणिक कर्जालाही बँका बहुधा पालकांनाच सहकर्जदार म्हणून मागतात. मामा चालतील का, हे शाखेत आत्ताच विचारून ठेव.

गुणपत्रिका तुझ्या नावाच्या, तुझ्याच. पण दुय्यम प्रतीसाठी 'हरवली' असं खोटं प्रतिज्ञापत्र करू नकोस. तो गुन्हा होईल. कुलपात आहे हे खरं कारण सांगून प्राचार्यांशी बोल. डिजिलॉकरवरही मंडळाची गुणपत्रिका मिळते. मात्र आधारला बाबांचा नंबर जोडलेला असेल तर ओटीपी त्यांच्याच फोनवर जाईल. नंबर कोणाचा आहे ते आज बघ. त्यांचा निघाला तर वाढदिवसानंतरची पहिली फेरी आधार केंद्राची.

घरात मारहाण होत असेल तर मात्र वाट बघू नकोस, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर.