एक्सआरडी 'सिंगल फेज' म्हणतो, मग दोन खेपांत एवढा फरक का? (लॅन्थनम कोबाल्टाइट)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली, कारण हे दुखणं माझंही होतं. सायट्रेट पद्धतीने (सायट्रिक आम्लाचं जेल करून, ते भाजून) केलेली लॅन्थनम कोबाल्टाइटची (लॅन्थनम-कोबाल्टचं मिश्र ऑक्साइड, आपला उत्प्रेरक) पहिली खेप कार्बन मोनॉक्साइड कमी तापमानाला जाळते, दुसरी ढिम्म हलत नाही, दोन्हींचा एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखायची चाचणी) रिपोर्ट 'सिंगल फेज', म्हणजे एकच पदार्थ, आणि गाइड म्हणतात थोडं पॅलॅडिअम घालून बघा.

पॅलॅडिअम तूर्त राहू द्या. माझा अंदाज असा की तुमची पहिली खेप चांगली नव्हतीच, ती अशुद्ध होती. दुसरी बरोबर जमली, म्हणून ती मंद वाटते.

जेल, भाजणी वगैरे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही. पण पोस्टमध्ये तुम्ही ओघात लिहून गेलात की दुसऱ्या खेपेला लॅन्थनम नायट्रेटची नवी बाटली फोडली. सगळी गोम तिथेच आहे. हे नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. नागपुरात मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठक्क असते, म्हणून आपण निर्धास्त. पण लॅबच्या खिडकीला कूलर लावलेला असतो आणि तराजू नेमका त्याच्या झोतात. जुन्या बाटलीत चमचा घालून बघा: खडे सुटे निघतात की ओलसर होऊन चमच्याला चिकटतात? चिकटत असतील तर वजनात पाणी जास्त, लॅन्थनम कमी. लॅन्थनम कमी पडलं की उरलेलं कोबाल्ट पेरोव्हस्काइटच्या (लॅन्थनम कोबाल्टाइटची स्फटिकरचना) चौकटीत मावत नाही, ते कोबाल्टचं स्पिनेल (वेगळ्या रचनेचं, नुसत्या कोबाल्टचं) ऑक्साइड होऊन वेगळं निघतं. आणि हे स्पिनेल कार्बन मोनॉक्साइड जाळण्यात मुळात पटाईत. पेरोव्हस्काइटचं पृष्ठफळ बहुतेकदा ग्रॅममागे ५ ते २० चौरस मीटर, त्यावर थोडं बारीक स्पिनेल बसलं तरी सगळं श्रेय पेरोव्हस्काइटच्या नावावर जातं.

ऑक्साइडपासून सुरुवात करणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये. लॅन्थनम ऑक्साइड उघड्यावर राहिलं की हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट होत जातं. पूर्ण हायड्रॉक्साइड झालेली पावडर ऑक्साइड समजून तोललीत तर लॅन्थनम सुमारे १४ टक्के कमी पडतं. ९०० ते १००० अंशांना भाजून, डेसिकेटरमध्ये (ओल न शिरणारं बंद भांडं) निववून लगेच तोला.

आता तुम्ही म्हणाल, स्पिनेल असतं तर एक्सआरडीत दिसलं नसतं का? इथेच माझ्या पीएचडीचा मोठा तुकडा वाया गेला. नमुने ज्या केंद्रात जायचे (नाव घेत नाही, विचारूही नका), तिथून यायचा तो एक छापील आलेख आणि खाली 'सिंगल फेज' अशी ओळ. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण कोबाल्टवर पडले की कोबाल्ट स्वतःच क्ष-किरण सोडतो आणि पार्श्वभूमी उंच चढते. त्यात छोटं शिखर शोधणं म्हणजे डीजेसमोर कानात सांगितलेलं ऐकणं. शिवाय तिथले साहेब आलेख 'सुबक' करून द्यायचे: पार्श्वभूमी वजा, रेषा गुळगुळीत, स्कॅन भरधाव. उरलंसुरलं शिखरही इस्त्रीखाली जायचं. कच्ची फाइल मागितली की "तशी पद्धत नाही". मग विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचं पत्र, मग पत्रावरचा जावक क्रमांक चुकला, मग संबंधित माणूस रजेवर. पैसे मात्र आगाऊ! शेवटी दुसरीकडून त्याच पुड्यांचा सावकाश स्कॅन करून आणला, तेव्हा ३६.८ अंशांच्या कोनापाशी स्पिनेलचं शिखर सरळ उभं होतं.

म्हणून माझं मत, कुणाला टोकाचं वाटलं तरी: कच्ची फाइल न देणाऱ्या ठिकाणी नमुना देऊच नका. अर्जावरच लिहा की कोबाल्टचे किरण गाळायला डिटेक्टरची ऊर्जा-खिडकी आवळा किंवा मोनोक्रोमेटर लावा, आणि स्कॅन १० अंशांपासून सुरू करा. २० पासून केला तर लॅन्थनम हायड्रॉक्साइडची १५.७ ची खूण हुकते, म्हणजे लॅन्थनम जास्त झालं असेल तर तेही कळत नाही. पेरोव्हस्काइटची ३२.९ आणि ३३.३ ची जोडी नीट फुटलेली दिसली एवढ्यावर खूश होऊ नका. जमलं तर रामनही (लेझरचा प्रकाश पाडून पदार्थ ओळखायची चाचणी) करा. स्पिनेलची रेषा ६९० प्रति सेंटीमीटरच्या आसपास ठळक येते. फक्त लेझर मंद ठेवा, काळी पावडर पटकन तापते.

वजनाचा घोळ कायमचा मिटवायचा तर नायट्रेट तोलणंच सोडा. लॅन्थनम आणि कोबाल्ट दोन्हींच्या नायट्रेटची द्रावणं करून ठेवा आणि ईडीटीएने (धातूला बांधणारं रसायन) टायट्रेशन करून त्यांची खरी तीव्रता काढा. लॅन्थनमसाठी रंगसूचक झायलेनॉल ऑरेंज, हेक्सामाइनचं बफर, पीएच साडेपाचच्या आसपास. लालसर जांभळा रंग जाऊन लख्ख पिवळा आला की थांबा. पुढे सगळं पिपेटने.

थोडं विषयांतर. प्रस्तावात 'वाहनांच्या धुरासाठी स्वस्त पर्याय' असं लिहिणार असाल तर जपून. ही कल्पना १९७१ ची आहे, कार्बन-१४ वाल्या नोबेल विजेत्या विलर्ड लिबींनी दुर्मीळ मृदा (लॅन्थनम ज्यात मोडतो तो धातूंचा गट) आणि कोबाल्टची ऑक्साइडं तेव्हाच सुचवली होती. घोडं अडलं गंधकापाशी: सल्फर डायऑक्साइडने लॅन्थनमचं सल्फेट होतं आणि उत्प्रेरक मरतो. भारत स्टेज ६ मुळे २०२० पासून इंधनातलं गंधक १० पीपीएमपर्यंत खाली आलं, पण कोराडीसारख्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुराला हा पदार्थ टिकेल असं लिहू नका. आणि 'दुर्मीळ मृदा म्हणून महाग' हेही नको. लॅन्थनम त्यातल्या स्वस्तांपैकी आहे, खिसा कापतो तो कोबाल्ट. ऑक्सिजन इलेक्ट्रोड, इंधनघटाचा (फ्युएल सेलचा) कॅथोड, पटलं (मेम्ब्रेन) ही याची दुसरी घरं. त्यात मी काम केलेलं नाही, तिथलं जाणकारांना विचारा.

जेल पेटतं तेव्हा तपकिरी धूर निघतो, तेव्हा फ्यूम हूड आणि मोठं बीकर हवंच. कोबाल्टची पावडर हाताळताना मास्क लावा. गॅसच्या चाचणीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर चाचणीच करू नका, गाइड काहीही म्हणोत.

आणि हो, मी तुमचे नमुने पाहिलेले नाहीत, अंदाज चुकूही शकतो. दोन्ही खेपांच्या कच्च्या फायली मिळाल्या तर ३० ते ४० अंशांचा भाग इथे टाका, बघून सांगतो.