पाकिटावर आधी चव असू दे

सांगली

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भडंग, शेंगदाण्याची चटणी, हळद, बेदाण्याचे लाडू धरून आठ पदार्थ, दहा माणसं आणि त्यातली निम्मी तरी दिव्यांग, असा तुझा उद्योगाचा बेत आहे. बेत मनापासून आवडला. सोबत पाकिटाचं चित्र पाठवलं आहेस, त्यावर मात्र थांबले. मोठ्या अक्षरांत ‘दिव्यांग बांधवांनी बनवलेले’, खाली जोडलेले दोन हात, आणि पदार्थाचं नाव एका कोपऱ्यात.

असंच पाकीट मी आमच्या भडंगाच्या उद्योगाच्या पहिल्या वर्षी छापलं होतं. दिवाळीला कार्यालयांच्या, शाळांच्या मोठ्या ऑर्डरी आल्या, माल पुरला नाही. तुळशीचं लग्न झालं आणि फोन बंद. पौषात मी एका कार्यालयात स्वतः विचारायला गेले, तर तिथले साहेब अगदी आपुलकीनं म्हणाले, “ताई, दरवर्षी दिवाळीला आमची मदत ठरलेलीच आहे.” जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळ्यांना सांगितलं. आमच्या कढईवर काम करणाऱ्या बाईंना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्यांनी हातानं मला एवढंच विचारलं, भडंग आवडलं का त्यांना? मला उत्तर देता येईना. चार महिन्यांत कुणीच चवीबद्दल चकार शब्द काढला नव्हता, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

ती ओळ मी त्याच आठवड्यात काढली. समोर ‘लसूण भडंग’, वजन, किंमत. मागच्या बाजूला, घटकांच्या यादीखाली, दोन ओळींत आमची माहिती. शेंगदाणे आहेत हेही ठळक लिहिलं, कारण काहींना त्यांची ॲलर्जी असते. मग स्टँडजवळच्या किराणा दुकानदारांना पिशवीभर माल चाखायला दिला. जम बसायला सहा-सात महिने गेले. पण जो दुकानदार दर सोमवारी “पन्नास पाकिटं पाठवा” म्हणतो, त्याच्या जिवावर भाद्रपदातला पगार होतो. दिवाळीच्या मदतीवर तो होत नाही. आमची गोष्ट कुणाला सांगायचीच नाही असं मी म्हणत नाही. खाऊन झाल्यावर खाणाऱ्यानं पाकीट उलटावं आणि ती वाचावी.

आता कामाचं. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर, प्रकार आणि टक्केवारी असते. सवलतींसाठी ते कार्ड लागतंच, ज्याच्याकडे नसेल त्याला काढायला मदत कर. पण माणसाला कोणतं काम जमेल, हे त्या कार्डावरून कळत नाही. त्यासाठी आठवडाभर शेजारी बसून त्याचे हात बघावे लागतात.

भडंग करणं म्हणजे एक काम नव्हे. चुरमुरे चाळणं, शेंगदाणे निवडणं, लसूण सोलणं, ठेचणं, तळणं, मसाला कालवणं, गार करणं, वजन, पाकीट बंद करणं, शिक्का मारणं. अशी दहा-बारा कामं सुटी करून मांड आणि मग कोण कुठं बसतं ते बघ.

आमच्या कढईवाल्या बाईंचंच सांगते. लसूण तळताना आम्ही सगळ्या कानावर चालायचो. तडतड कमी झाली की लसूण झाला, हे आईनं शिकवलेलं. बाईंना तडतड ऐकू येत नाही, म्हणून सुरुवातीला मी त्यांना कढईजवळ जाऊच दिलं नाही, सोलायलाच बसवलं. एक दिवस तळणारी आली नाही आणि त्या स्वतः पुढं झाल्या. लसणाभोवतीचे बुडबुडे त्या एकटक बघत होत्या. ओलावा असेतो तेल उसळतं, ओलावा सरला की बुडबुडे बारीक होतात, तुरळक होतात. त्या क्षणी त्यांनी गॅस बंद केला, आधीच काढून ठेवलेले शेंगदाणे आणि कढीपत्ता घातला, आणि तेल जरा निवल्यावरच हळद-तिखट टाकलं. मसाला जराही करपला नाही. आता नव्या बायकांना आम्ही बुडबुडेच बघायला शिकवतो, ऐकू येणाऱ्यांनासुद्धा. आणि हाक मारण्याऐवजी कढईसमोरच्या भिंतीवर दिवा बसवला आहे. बटण दाबलं की तो लागतो आणि बाई वळून बघतात.

दुसरा आमचा वजनावरचा मुलगा. बौद्धिक अपंगत्व आहे, आकडे वाचता येत नाहीत. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोनशे ग्रॅम कधी झाले ते त्याला कळेना, आणि रोज चुकल्यामुळं तो यायलाच नको म्हणायला लागला. चूक त्याची नव्हती, मी दिलेल्या काट्याची होती. जुना दोन पारड्यांचा तराजू काढला. एका पारड्यात दोनशेचं वजन, त्याच्याशेजारी रिकामं पाकीट, कारण दुसरीकडं तो पाकिटासकट भरतो. काटा मधोमध आला की थांबायचं. आता तो दिवसाला साडेतीनशे पाकिटं भरतो आणि शेवटी मी इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यातली दहा-वीस तपासते.

पैशाच्या बाबतीत एकच शब्द वापर, पगार. मानधन नको, बक्षिसी नको. किमान वेतन त्यांनाही तेवढंच लागू आहे, आणि शक्य तिथं ते त्यांच्या स्वतःच्या खात्यात जाऊ दे. इथं एक अडचण येईल, तिची तयारी ठेव. अनेक घरांत संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान येत असतं आणि त्याला उत्पन्नाची मर्यादा असते. पगार सुरू झाला की अनुदान जाईल, आणि उद्या तुझा उद्योग बंद पडला तर दोन्ही जाईल, अशी आईवडिलांना भीती वाटते. ती भीती खरी आहे, त्यावर भाषण देऊ नको. त्यांच्यासोबत तहसील कार्यालयात जा, सध्याची मर्यादा विचार, हिशोब कागदावर मांड आणि निर्णय त्यांना घेऊ दे. आमच्याकडं दोघांनी नको म्हटलं. एक वर्षभरानं आली.

माल आपल्या भागातला घ्यायचा म्हणतेस, ते योग्यच. सांगलीत बसून बाहेरची तयार हळदपूड घ्यायला नकोच. मार्केट यार्डातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं घे आणि चक्कीवर दळून आण. भाव करताना एवढं लक्षात ठेव की चार-पाच किलो ओली हळद उकडून वाळवली की जेमतेम किलोभर हळकुंड हाती येतं, आणि पीक नऊ महिने शेतात असतं. हरिपूरला पेवं बघून ये, जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं कशी टिकायची ते कळेल. बेदाणा तासगावच्या बाजारातून घे. द्राक्षं साधारण चार किलो वाळतात तेव्हा एक किलो बेदाणा होतो, म्हणून फार स्वस्त मिळाला तर हातात घेऊन, चाखून बघ. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ते नाव पाकिटावर छापायचं तर त्यासाठी नोंदणी लागते, आधी चौकशी कर.

तिखट मात्र आम्ही ब्याडगी मिरचीचं वापरतो, ती कर्नाटकातून येते. म्हणून आमच्या पाकिटावर ‘सगळं स्थानिक’ असं कुठंही नाही. तूही लिहू नको.

शेंगदाणे पावसाळ्याआधी पूर्ण वाळलेलेच भर, फळीवर ठेव, भिंतीपासून लांब. बुरशी आलेला दाणा निवडून बाजूला काढून भागत नाही, ते अख्खं पोतं टाकून द्यायचं. त्या बुरशीचं विष भाजल्यानंही पुरतं जात नाही. आषाढ-श्रावणात भडंग तासाभरात सादळतं, तेव्हा गार झालं की लगेच पाकिटबंद. त्या दोन महिन्यांत आम्ही माल निम्माच काढतो.

आठ पदार्थ नको. भडंग आणि चटणी, दोनच, आणि माणसं चार. दोन्हीला शेंगदाणे, लसूण, तिखट हाच माल लागतो. यंत्राचा विचार वर्षभरानं कर. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेली केंद्राची योजना आहे, खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान, किमान दहा टक्के आपले आणि बाकी कर्ज. सध्याची स्थिती कृषी अधीक्षक कार्यालयात विचारून घे. पण लसूण सोलायचं यंत्र घेशील तेव्हा आधी मोज, त्यानं कुणाचा हात रिकामा होतो.

जागेबद्दल तू एका ओळीत लिहिलंस, ‘नदीकडची स्वस्त मिळते.’ २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. आमची अकरा पोती शेंगदाणे आणि नवी शेगडी त्यात गेली. वरचा मजला घ्यावा तर कुबड्यांवर येणारी आमची शिक्के मारणारी मुलगी जिना कसा चढणार? आणि तळमजला घ्यावा तर पाणी. म्हणून आम्ही नदी सोडली आणि कुपवाडच्या बाजूला उंचावरचा तळमजला भाड्यानं घेतला. भाडं जास्त आहे. दारात उतार केला, संडासाचं दार रुंद केलं. तू जागा बघायला जाशील तेव्हा शेजाऱ्यांना विचार, २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते भिंतीवर हात लावून दाखवतील.

येत्या गुरुवारी ये. साडेआठला कढई चढते. सुती कपडे घाल, केस बांधून ये, आणि पहिले दोन तास काही विचारू नको, लसूण सोलायला बस. तुझ्या पाकिटाचं चित्रही आण. कढईवाल्या बाईंना आधी दाखवू.

तुझी,
काकू