ग्रह म्हणजे भटक्या नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'प्लूटोला मराठीत आता नेमकं काय म्हणायचं? लघुग्रह, बटुग्रह की खुजा ग्रह? आणि जो ग्रहच नाही त्याच्या नावात "ग्रह" कशाला ठेवायचा?'

लघुग्रह म्हणू नका, हे सगळ्यात आधी. 'लघुग्रह प्लूटो' हे बातम्यांत इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की कानच दुखतात. लघुग्रह म्हणजे ॲस्टेरॉइड. त्यांतले बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांमधल्या पट्ट्यात फिरणारे, ओबडधोबड आकाराचे. बटुग्रह म्हणजे ड्वार्फ प्लॅनेट, तो स्वतःच्या गुरुत्वामुळे गोल झालेला असतो. लघू म्हणजे लहान आणि बटूही लहानच, म्हणून दोन्ही एकच, असा हिशेब इथे चालत नाही. नुसत्या आकारमानावर काहीच ठरत नाही. गॅनिमिड बुधापेक्षा मोठा आहे, पण तो गुरूभोवती फिरतो म्हणून उपग्रह.

बटू की खुजा? बटू. 'बटू म्हणजे मुंजीचा मुलगा, तो उद्या वाढेल, प्लूटो कुठे वाढणार?' हा आक्षेप विद्वान मंडळीही घेतात. पण वामनाला आपण बटुवामन म्हणत आलो आणि त्यातून ठेंगणेपणाचा अर्थ या शब्दात मुरला. शिवाय 'बटुग्रह' हा सरळ समास होतो. 'खुजा ग्रह' म्हटलं की तो ग्रहच, फक्त बुटका, असं वाटतं. आणि नेमकं तेच सांगायचं नसतं.

आता 'ग्रह'. इथे मला थोडी जागा लागेल.

कितीतरी पुस्तकांत छापलेलं असतं की ग्रह म्हणजे भटकणारा, भ्रमण करणारा. साफ चूक. भटक्या हा अर्थ ग्रीकांच्या 'प्लानेतेस'चा, ज्याच्यावरून 'प्लॅनेट' आला. तो उचलून आपल्या शब्दाला चिकटवलेला आहे. दुसरी मंडळी सांगतात की राशीच्या गृहात राहतो तो ग्रह. हीसुद्धा कानाला गोड लागणारी बनावट व्युत्पत्ती. शब्द आला आहे 'ग्रह्' धातूपासून, म्हणजे पकडणे, धरणे, घेणे. आपलं 'घेणे' प्राकृतातून येताना त्याच धातूतून आलेलं आहे. ग्रहण, आग्रह, संग्रह, पाणिग्रहण, पूर्वग्रह ही सगळी त्याचीच भावंडं. 'माझ्याबद्दल भलता ग्रह करून घेऊ नका' म्हणतो तेव्हा मनाने धरलेली एक गोष्टच आपल्याला म्हणायची असते.

पाणिनीचं एक सूत्र आहे, 'विभाषा ग्रहः'. या धातूपासून 'धरणारा' या अर्थी विकल्पाने दोन रूपं होतात, ग्राह आणि ग्रह. पाणिनीच्या सूत्रांवरच्या 'काशिका' या टीकेचे कर्ते पुढे सांगतात की हा विकल्प हवा तसा वापरायचा नाही, त्याची वाटणी ठरलेली आहे: पाण्यात राहणारा तो ग्राह, आकाशातली ज्योती ती ग्रह. म्हणजे गजेंद्राचा पाय धरणारी मगर आणि आकाशातला शनी एकाच धातूचे, फक्त एका कान्याने वेगळे! आणि लगेच पुढच्या सूत्रात पाणिनी 'गृह' हा शब्दही याच धातूवरून साधतो. त्यामुळे गृहावरून ग्रह सांगणाऱ्यांची गाडी उलट्या दिशेने चालली आहे. सुश्रुतसंहितेत मुलांना पछाडणारे बालग्रह येतात, तेही नऊच, आणि त्यांचा आकाशाशी संबंध नाही. पछाडतो, धरतो, तो ग्रह. सूर्य-चंद्राला धरणारा राहू नवग्रहांत कसा, याचं उत्तरही इथेच आहे.

आता २००६ सालच्या ऑगस्टमध्ये प्रागला काय ठरलं ते पाहा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाला तीन अटी घातल्या: सूर्याभोवती फिरणं, स्वतःच्या गुरुत्वाने गोल होणं आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा करणं. बटुग्रह पहिल्या दोन अटी पाळतो, तिसरीत अडतो. सीरीस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस हे त्या यादीतले पाच. मोकळा करणं म्हणजे काय? आसपासचं ओढून स्वतःत घेणं, उरलेलं भिरकावून देणं किंवा आपल्या तालावर फिरायला लावणं. म्हणजे धरणंच! 'प्लॅनेट' या शब्दात या अटीचा मागमूस नाही. भटकायला तर धूमकेतूही भटकतो. 'ग्रह' या शब्दात ती अट धातूतच बसलेली आहे. प्रागच्या व्याख्येला जगातला सगळ्यात नेमका शब्द आपल्याकडे आहे असं माझं ठाम मत आहे.

प्लूटोकडे गेलेल्या न्यू होरायझन्स यानाच्या मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न यांना ही तिसरी अट मान्य नाही. पृथ्वीच्या कक्षेजवळही लघुग्रह आहेत आणि गुरूच्या कक्षेत तर ट्रोजन नावाच्या लघुग्रहांचे थवेच, मग त्यांनी कुठे परिसर मोकळा केलाय, असं ते विचारतात. युक्तिवाद लंगडा आहे. ट्रोजन गुरूच्या साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे असतात ते गुरूनेच तिथे धरून ठेवले म्हणून. पृथ्वीचं वस्तुमान तिच्या कक्षेच्या परिसरातल्या बाकी सगळ्या ऐवजाच्या सुमारे १७ लाख पट आहे. सीरीसकडे तो ज्यात फिरतो त्या लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या एकूण वस्तुमानाचा निम्माही वाटा नाही.

आणि प्लूटो? १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता, पण दोघांची टक्कर कधी होत नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या बरोबर दोन. हे प्रमाण नेपच्यूनच्या गुरुत्वाने बांधून दिलेलं आहे. धरणारा नेपच्यून, धरलेला प्लूटो. धातूच्या भाषेत बोलायचं तर नेपच्यून ग्रह आणि प्लूटो गृहीत.

हा 'गृहीत' गृ-नेच लिहायचा. 'ग्रह् धातू आहे ना, मग ग्रहीत' असं सुचवणारे मुद्रितशोधक मला भेटले आहेत. या धातूला 'धरलेला' अशा अर्थाचं रूप करणारा 'क्त' प्रत्यय लागताना संप्रसारण होतं, र-चा ऋ होतो, म्हणून गृहीत. 'अनुग्रह' मात्र ग्र-नेच, आणि तो झालेला माणूस 'अनुगृहीत'.