रोहित बघायला किती वाजता जावं: तिथीवरून भरतीचा हिशेब

मागच्या रविवारी सकाळी दहाला नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या एनआरआय संकुलामागच्या पाणथळीवर हजारो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, होते आणि या रविवारी त्याच जागी, त्याच वेळी एकही नव्हता. मार्चमध्येच ते परत गेले का, असं तुम्ही विचारलंय. गेलेले नाहीत. तुम्ही पोचलात तेव्हा ओहोटी होती आणि सगळा थवा ठाणे खाडीच्या चिखलात चरत होता.

रोहिताला सकाळ-संध्याकाळचं फारसं सोयरसुतक नाही. ओहोटीला चिखल उघडा पडला की तो चरायला उतरतो, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. चिखलावरच्या पातळ पाण्यातलं नीलहरित शेवाळ आणि डायाटम नावाचं सूक्ष्म शैवाल तो उलट्या चोचीने गाळून खातो. भरती चढली की पाणी खोल होतं, मग थवे उठून आतल्या उथळ पाणथळींवर येतात आणि पाणी उतरेपर्यंत तिथे उभे राहतात. एनआरआयमागची जागा, टी. एस. चाणक्य या नौकाप्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ, नेरूळच्या डीपीएस शाळेजवळचा तलाव ही त्यांची भरतीच्या वेळची विसाव्याची ठिकाणं आहेत.

आता रविवारचं गणित. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक पावणेसहा तासांच्या आसपास जातो, आणि भरती ते ओहोटी हे अंतर सव्वासहा तासांचं. म्हणजे एका रविवारी दहाला पाणी भरलेलं असेल, तर पुढच्या रविवारी दहाला ते जवळपास तळाला गेलेलं असणार. दर रविवारी ठरलेल्या वेळी जाणाऱ्याला एक आड एक रविवार मोकळ्या हाताने परतावं लागतं, त्यात पक्ष्यांचा काही दोष नाही.

वेळ काढायला ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. कोळीवाड्यातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसातून दोन भरत्या, म्हणून पहाटेची आणि दुपारची वेळ ढोबळमानाने एकच. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. पौर्णिमेनंतर सोळा, सतरा असं पुढे मोजत गेलात तर सगळं बिघडतं. या हिशेबात एक उणीव आहे. तो तिथीमागे 45 मिनिटं धरतो, खरा फरक सुमारे 48 चा आहे. त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी उत्तर अर्धा-पाऊण तास लवकरचं येतं. पाऊणपट करून झाल्यावर तिथीमागे तीन मिनिटं मिळवा. चतुर्दशीचे साडेदहा येतात, त्यात 42 मिनिटं घातली की सव्वाअकरा. अष्टमीच्या आगेमागे भरती तशीही लहरी असते, तिथे अर्ध्या तासाची चूक गृहीतच धरा.

ॲपच वापरणार असाल तर ठिकाण मुंबई, अपोलो बंदर निवडा आणि खाडीत आत जाल तसा वेळ वाढवा. पाण्याला वर चढायला वेळ लागतो, ऐरोलीसाठी अर्धा ते पाऊण तास मिळवलेला बरा.

वेळेपेक्षाही जास्त फसवते ती भरतीची उंची. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, पाणी साडेचार मीटरच्या पुढेही जातं. चिखल पूर्ण बुडतो आणि उभं राहायला जागाच न उरल्याने सगळा थवा पाणथळीवर येतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा भरती साडेतीन मीटरच्या आतबाहेर अडते, चिखलाच्या कडा मोकळ्या राहतात आणि पक्षी खाडीतच विखरून थांबतात. तेव्हा वेळ अचूक काढूनही जागा रिकामी सापडू शकते. चार मीटरच्या खालची भरती असेल तर मी तरी मुद्दाम जायला सांगणार नाही.

उधाणाची अडचण अशी की ते नेमकं भर दुपारी येतं, बारा ते दीडच्या मध्ये. ऊन डोक्यावर, पाण्यावर लकाकी, फोटो पांढरे. म्हणून त्रयोदशी-चतुर्दशी धरा. भरती साडेदहा ते सव्वाअकरा, उंचीही चांगली, आणि खाडी नवी मुंबईच्या पश्चिमेला असल्याने सूर्य तुमच्या पाठीशी. दुपारीच जमत असेल तर तृतीया-चतुर्थीची अडीच-सव्वातीनची भरती चालेल, पण प्रकाश समोरून येईल. तेव्हा खाडीच्या पलीकडच्या, पश्चिम काठावरची भांडुपची बाजू बरी. पूर्ण भरतीच्या क्षणाला पोचू नका, दोन तास आधी पोचा. थवे टप्प्याटप्प्याने येतात आणि पंखांची खरी लाली तेव्हाच दिसते. बसल्यावर बहुतेकांची मान पिसांत असते.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राच्या बोटीचं थोडं वेगळं आहे. बोटीला पाणी लागतं, म्हणून ती भरतीच्या आगेमागेच सुटते आणि वेळा रोज बदलतात. पण पूर्ण भरतीला चिखल बुडालेला, पक्षी पांगलेले. त्या दिवसाच्या वेळांतली पहिली किंवा शेवटची फेरी घ्या, तेव्हा चिखलाची कड उघडी असते आणि थवे तिथे रांगेत चरताना मिळतात. निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे छोटे मासेही, त्याच कडेला उड्या मारताना दिसतील.

वेळ, उंची सगळं जुळूनही पक्षी नसतील तर पाणथळीतलं पाणी बघा. भरतीचं पाणी आत आणणाऱ्या वाटा बुजल्या की तळ सुकतो, भेगा पडतात आणि रोहित उतरत नाहीत. उलट पाणी तुंबून खोल झालं तरी त्यांना उभं राहता येत नाही. त्यांना उथळ पाणी लागतं, शिवाय चहूबाजूंनी मोकळी नजर. बांधावर कुत्रा सोडलेला असेल किंवा कोणी ड्रोन उडवत असेल तर अख्खा थवा उठतो आणि भर भरतीत त्याला दुसरीकडे जागा शोधत फिरावं लागतं.

हंगामाबद्दल थोडक्यात. साधारण नोव्हेंबरपासून थवे यायला लागतात, जानेवारी ते मे गर्दी. कच्छकडे पाऊस लांबला आणि तिथली तळी भरलेली राहिली तर इकडे यायला उशीर होतो. ठाणे खाडीत बहुसंख्य लहान रोहित असतात, चोच गडद किरमिजी. मोठा रोहित उंच, फिका, चोच गुलाबी आणि टोक तेवढं काळं. मार्च-एप्रिलमध्ये माना ताणून, डोकी डावी-उजवीकडे झटकत एकत्र चालणारे गट दिसले तर ती जोडीदार निवडण्याची तयारी. अंडी मात्र कच्छच्या रणासारख्या खाऱ्या दलदलीत घालतात. कुरव (सीगल) एप्रिलमध्येच उत्तरेला निघतात, रोहित पावसाच्या तोंडावर जातात. जूनमध्ये दहा-वीस करडट पक्षी दिसले तर परतीला उशीर झाला असं समजू नका. ती लहान वयाची पिल्लं असतात, पूर्ण गुलाबी व्हायला त्यांना तीन-चार वर्षं लागतात, आणि त्यातली काही पावसाळाभर इथेच काढतात.